वेगवान ट्विस्टची नळी: साफ करूनही ग्रुप पुन्हा पुन्हा का सुटतो?

रायफलीची नळी घासली, पुसली, पांढरी चिंधी बाहेर येईपर्यंत साफ केली. पहिल्या वीस-तीस गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. मग एक डावीकडे गेली, पुढची वर गेली आणि साठाव्या गोळीपर्यंत ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, दुप्पट झाला. पुन्हा साफसफाई केली. पुन्हा तेच झालं, फक्त या वेळी ग्रुप चाळिसाव्या गोळीलाच सुटला. तिसऱ्या खेपेला तिसाव्या.

गोळीला ७ किंवा ८ इंचांत एक पूर्ण फेरा देणारी, म्हणजे वेगवान ट्विस्टची, नळी वापरणाऱ्या नेमबाजांकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो. मी स्वतः एक अख्खा हंगाम तिच्यात घालवला आहे. माझी रायफल .२२३ मापाच्या काडतुसाची, ट्विस्ट ७ चा (सात इंचांत एक फेरा) आणि गोळी ७७ ग्रेन वजनाची, लांबट. दर वेळी मी तांब्याचा मळ काढणारं द्रावण ओतायचो, निळी चिंधी पांढरी होईपर्यंत थांबायचो आणि नळी स्वच्छ झाली असं समजायचो. ती स्वच्छ होत नव्हती. मी चुकीचा मळ काढत होतो, आणि खरा मळ प्रत्येक खेपेला आणखी थोडा घट्ट भाजून निघत होता. हे कळायला मला जवळजवळ हजार गोळ्या लागल्या. तुमच्या तेवढ्या जाऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पुढचं काहीही करण्याआधी रायफल रिकामी करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा. काडतुसं त्या टेबलावर नकोतच. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा. अमोनिया असलेलं द्रावण आणि घरातलं ब्लीच यांचा एकमेकांना स्पर्शही होता कामा नये. त्यातून निघणारा वायू विषारी असतो.

खापर ट्विस्टवर किती फोडायचं

पहिली शंका ट्विस्टवरच जाते: आटे (नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खाचा) जास्त पिळलेले, म्हणजे गोळी जास्त घासली जाणार, म्हणजे मळही जास्त. ऐकायला पटतं. आता आकडे पाहू. .२२४ इंच व्यासाच्या नळीत ७ च्या ट्विस्टला आट्यांचा कोन सुमारे ५.७ अंश येतो, १२ च्या ट्विस्टला सुमारे ३.४ अंश. गोळीला फिरवणाऱ्या कंगोऱ्याच्या (दोन खाचांमधल्या उंचवट्याच्या) बाजूवर येणारा जोर साधारण पावणेदोन पट होतो हे खरं. पण तो जोर मुळातच गोळीला पुढे ढकलणाऱ्या बळाच्या शेकडा पाचच्या आसपास असतो. आणि आट्यावरून कापलेलं अंतर? १२ च्या तुलनेत ७ च्या ट्विस्टमध्ये ते अर्ध्या टक्क्यानंही वाढत नाही. २६ इंचांच्या नळीत गोळी २.२ ऐवजी ३.७ फेरे घेते, एवढाच फरक. एवढ्यानं नळी चाळीस गोळ्यांत गुदमरत नाही.

मग अशा नळ्यांचीच तक्रार इतकी का येते? माझ्या मते कारण त्यांच्यातून काय झाडलं जातं त्यात आहे. वेगवान ट्विस्ट लांब गोळीसाठीच असतो. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या सूत्रातही ट्विस्ट ठरतो तो गोळीच्या लांबीवर आणि व्यासावर. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलचा प्रवास बघा: सुरुवातीला १४, मग १२ आणि १९८० च्या दशकात ७. शेवटची उडी मुख्यतः लांब ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणारी) गोळी स्थिर ठेवण्यासाठी होती. लांब गोळी म्हणजे नळीच्या भिंतीला टेकणारा पृष्ठभाग जास्त, म्हणजे तांबं जास्त घासलं जाणार. सोबत हळू जळणारी बंदुकीची दारू आणि एकापाठोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या लांबच लांब मालिका आल्या, म्हणजे थ्रोटमध्ये, जिथे चेंबर संपून आटे सुरू होतात तिथे, काजळी जास्त. वर अशी रायफल घेणारा माणूस लांब पल्ल्यावर बारीक ग्रुप मोजणारा असतो. १४ च्या ट्विस्टच्या जुन्या रायफलीत हाच मळ असतो, पण तिच्याकडून कुणी अर्ध्या इंचाची अपेक्षा करत नाही.

ट्विस्टचा एक परिणाम मात्र खरा आहे. ७ च्या ट्विस्टमधून सेकंदाला २७०० फूट वेगानं निघालेली गोळी मिनिटाला पावणेतीन लाखांहून जास्त फेरे घेते. १२ च्या ट्विस्टमधून तीच एक लाख बासष्ट हजार. मळानं किंवा खडबडीत थ्रोटनं गोळीच्या जॅकेटवर (बाहेरच्या धातूच्या कवचावर) एका बाजूला ओरखडा काढला, तर तो असमतोल या फेऱ्यांनी मोठा होतो. मळ दोन्ही नळ्यांत सारखा असला, तरी शिक्षा वेगवान ट्विस्टच्या नळीत जास्त होते.

आधी मळ कोणता ते ओळखा

नळीत मुख्यतः दोन मळ असतात, आणि त्यांचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

तांब्याचा मळ गोळीच्या जॅकेटमधून येतो. जॅकेट बहुधा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूचं असतं, कधी ९० आणि १०. मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) टॉर्च तिरका धरून बघा. कंगोऱ्यांवर तांबूस पट्टे दिसले, तर तो हाच. तांबं अमोनियाच्या किंवा तशाच रसायनांच्या द्रावणात विरघळतं आणि चिंधी निळी होते. या प्रक्रियेला हवेतला प्राणवायू लागतो, म्हणून नळी द्रावणानं काठोकाठ भरून दोन्ही तोंडं बंद करण्यात फायदा नाही. ओली भिंत आणि आत खेळती हवा हेच जास्त काम करतं. द्रावण वाळलं की काम थांबतं.

काजळी दोन प्रकारची. एक मऊ, काळी, पहिल्या दोन-तीन चिंध्यांना निघून येणारी. तिचा त्रास नाही. दुसरी थ्रोटमध्ये आणि त्यापुढच्या तीन-चार इंचांत बसते. तिथे दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त. प्रत्येक नवी गोळी आधीच्या थराला दाबते, प्रत्येक भडका त्याला भाजतो. शंभर-दोनशे गोळ्यांनंतर तिथे डांबरासारखा चकचकीत काळा थर होतो, चिनी मातीच्या भांड्यावरच्या झिलईसारखा कडक. तांब्याच्या द्रावणाला तो दाद देत नाही. चिंधी त्याच्यावरून घसरत जाते आणि पांढरीशुभ्र बाहेर येते. मी हजार गोळ्या फसलो तो इथे.

आणि हे दोन मळ शेजारी-शेजारी बसत नाहीत, एकावर एक बसतात. तांब्याचा पट्टा, त्यावर काजळी, त्यावर पुन्हा तांबं. तुम्ही वरचं तांबं काढता, चिंधी निळी होऊन पांढरी होते, तुम्ही थांबता. खालची काजळी जागची हलत नाही. पुढच्या वेळी गोळी अरुंद आणि खडबडीत थ्रोटमधूनच जाते.

ग्रुप किती गोळ्यांनी सुटतो, ते लिहून ठेवा

निदानाचं सगळ्यात चांगलं साधन वही आहे. नळीच्या आत बघायच्या बोअरस्कोपचा क्रमांक त्यानंतर लागतो. बोअरस्कोप उपयोगी आहे, पण तो इतकं दाखवतो की माणूस घाबरून घासत सुटतो. चांगला ग्रुप देणाऱ्या नळीतही तो भेगा, पट्टे, डाग दाखवणारच.

वहीत तीन गोष्टी लिहा: सफाईनंतर किती गोळ्या झाल्या, पाच गोळ्यांचा ग्रुप किती मोठा आला, आणि क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर सरासरी वेग. तीन सफायांनंतर एक आकडा बोलू लागतो: ग्रुप कितव्या गोळीला सुटतो.

हा आकडा दर वेळी जवळपास तोच असेल, समजा ऐंशी, पंचाऐंशी, ऐंशी, तर तुमची सफाई बरोबर आहे. नळीचा स्वतःचा खडबडीतपणा तेवढ्या वेळात तांबं धरतो. पण आकडा घसरत असेल, साठ, चाळीस, तीस, तर प्रत्येक सफाईनंतर काहीतरी मागे राहतं आहे. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा भाजलेली काजळीच निघालं. वहीतली ही उतरती रांग मी आधी पाहिली असती, तर वर्ष वाचलं असतं.

वेगाकडेही लक्ष असू द्या. दारू, गोळी, हवामान तेच असताना मालिकेत वेग हळूहळू वर चढत गेला, तर थ्रोट आक्रसतो आहे असं समजा. काडतुसाची मान जिथे संपते, तिथेच चेंबरच्या टोकाला काजळीचं कडं जमतं. ते पुरेसं जाड झालं, तर झाडताना मान उघडायला जागा उरत नाही, गोळीची पकड सुटत नाही आणि दाब एकदम वाढतो. बोल्ट जड उघडणं, काडतुसाच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकाकता ठसा, चपटे झालेले प्रायमर (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोप्या) यांपैकी काहीही दिसलं, तर त्या दिवशी पुढची गोळी झाडू नका. इथे प्रश्न ग्रुपचा राहत नाही. दाबाची खूण दिसताच दारू कमी करून काम भागवणारे पाहिले आहेत. कडं तिथेच राहतं आणि पुढच्या शंभर गोळ्यांत आणखी जाड होतं. चुकीची लांबी हेही एक कारण असू शकतं, म्हणून पुन्हा भरलेल्या काडतुसांची लांबी मोजा. पण नळीही तपासा.

अर्धी सफाई

कोणता मळ ग्रुप बिघडवतो हे ओळखायची मला सापडलेली सगळ्यात खात्रीची रीत ही. नळी पूर्ण साफ करण्याऐवजी मुद्दाम अर्धीच साफ करा.

ग्रुप सुटला की पहिल्या खेपेला फक्त काजळी काढा. काजळीचं द्रावण, कांस्याचा ब्रश, चिंध्या. तांब्याच्या द्रावणाला हात लावू नका. मझलशी तांबूस पट्टे दिसत राहतील, दिसू द्या. नळी कोरडी करा, दोन-चार गोळ्या झाडून तिला तयार करा आणि ग्रुप घ्या. ग्रुप परत आला, तर दोषी काजळी होती आणि त्या तांब्यामुळे तुमचं काही बिघडत नव्हतं.

ग्रुप परत आला नाही, तर दुसऱ्या खेपेला तांबं काढा, नायलॉनच्या ब्रशनं आणि तांब्याच्या द्रावणानं. आता परत आला, तर दोषी तांबं. दोन्ही करूनही आला नाही, तर मळाचा नाद सोडून स्क्रू, दुर्बिणीचे माउंट, गोळीचा लॉट आणि थ्रोटची झीज यांच्याकडे वळा.

यात एक अडचण आहे. थर एकावर एक असल्यामुळे पहिल्याच खेपेत निकाल इतका स्वच्छ लागेल असं नाही. तरीही सगळं एकदम काढून टाकण्यापेक्षा यातून जास्त कळतं. सगळं काढलं, की नळी सुधारली हे समजतं, कशामुळे सुधारली ते समजत नाही, आणि पुढच्या महिन्यात आपण पुन्हा तिथेच उभे असतो. माझ्या रायफलीत पहिल्याच अर्ध्या सफाईत उत्तर मिळालं. मझलशी तांबं लखलखत होतं आणि ग्रुप मात्र नवी असतानाचा होता.

चिंधी निळी येतच राहते

ही स्वतंत्र तक्रार आहे आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. पितळेचा जॅग (रॉडच्या टोकाचा चिंधी धरणारा तुकडा) आणि कांस्याचा ब्रश या दोन्हींत तांबं असतं. तांबं खाणारं द्रावण त्यांनाही खातं. तुम्ही नळीचा मळ मोजता आहात असं वाटतं, आणि चिंधीवर रंग जॅगचा येतो. तपासणी एका मिनिटाची: जॅगवर द्रावणाचे दोन थेंब टाका, कोरडी चिंधी गुंडाळा, थोडा वेळ ठेवा. नळीत न घालताच ती निळी झाली, तर चोर सापडला. निकेलचा मुलामा दिलेला किंवा प्लॅस्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश घ्या. कांस्याचा ब्रश काजळीसाठी ठेवा आणि काम झाल्यावर धुऊन ठेवा, नाहीतर द्रावण रात्रभरात त्याचे केस खाऊन टाकतं.

खरोखरच निळा रंग संपत नसेल, तर दोन द्रावणं आळीपाळीनं वापरा. आधी काजळीचं, ब्रश मारून चिंध्यांनी कोरडं करायचं, मग तांब्याचं, बाटलीवर दिलेल्या वेळेपुरतं, पुन्हा कोरडं, पुन्हा काजळीचं. अमोनिया जास्त असलेल्या द्रावणांवर ही वेळ बहुधा पंधरा मिनिटांच्या आत असते, ती पाळा. रात्रभर ठेवायचं द्रावण वेगळं असतं आणि त्याच्या बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. दोन द्रावणं नळीत एकत्र होऊ देऊ नका, मध्ये स्पिरिटची चिंधी फिरवा.

हा झगडा जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करी गोळ्यांची जॅकेटं तांबं-निकेलच्या मिश्रधातूची असत, आणि तो मळ नळीत अक्षरशः गाठी होऊन बसे. अमोनियाचं तीव्र द्रावण नळीत ओतून तो काढत. पुढे जॅकेटचा धातू बदलला. फ्रेंचांनी तोफांच्या दारूत कथील मिसळून तांब्याचा मळ कमी करता येतो हे दाखवलं, आणि आजच्या काही दारूंत त्याच कामासाठी बिस्मथ असतं. तांबं खरंच तुमचा शत्रू असेल, तर अशी दारू वापरून पाहण्यासारखी आहे. काजळीवर मात्र तिचा काही उपयोग नाही.

थ्रोटमधला कडक थर

इथे घाई चालत नाही, आणि बळ तर मुळीच चालत नाही. काजळीचं द्रावण पहिल्या पाच-सहा इंचांत भरपूर लावा आणि बाटली सांगेल तेवढं मुरू द्या. माझ्याकडचं अर्धा तास मागतं. मग घट्ट बसणारा नवा कांस्याचा ब्रश. झिजलेला ब्रश इथे कुचकामी असतो. लोक वर्षभर एकच ब्रश वापरतात आणि नळीला दोष देतात. थ्रोटपासून सुरू करून आठ-दहा वेळा पूर्ण लांबीनं न्या, मग चिंध्या, मग पुन्हा द्रावण. एका बैठकीत तीन फेऱ्या होऊ द्या.

मानेच्या टोकाचं कडं याला बधत नाही, कारण नळीच्या मापाचा ब्रश तिथे सैल पडतो. चेंबरची मान नळीपेक्षा रुंद असते. तिथे मोठ्या मापाचा ब्रश छोट्या रॉडला लावून, द्रावणात भिजवून, हातानं जागच्या जागी फिरवा. आट्यांत पुढे ढकलू नका. मानेच्या टोकाशी पोहोचला की तिथेच थांबा.

एवढं करूनही टॉर्चच्या उजेडात काळी चकाकी राहिली, तर पेस्ट. ती घासणारी असते, म्हणून मी ती शेवटी वापरतो आणि वर्षातून दोनदाच. जुन्या, बारीक झालेल्या ब्रशवर चिंधी गुंडाळायची, तिच्यात पेस्ट चोळायची आणि पहिल्या चार इंचांत दहा-पंधरा आखूड फेऱ्या मारायच्या. सुरुवातीला हाताला खरखर लागते, मग एका क्षणी रॉड लोण्यातून गेल्यासारखा सरकतो. तिथे थांबायचं. त्यानंतर पेस्टचा कणही राहता कामा नये, नळीत नाही आणि चेंबरमध्येही नाही. मझलजवळ पेस्ट नेऊ नका. शेवटच्या इंचाची आणि क्राउनची (नळीच्या तोंडाच्या कडेची) धार झिजली, तर ती कुठलंही द्रावण परत आणणार नाही.

रॉड आणि वेगवान आटे

सफाईच्या कामात ट्विस्टचा खरा संबंध इथे येतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. ब्रशनं आट्यांबरोबर फिरायला हवं. ७ च्या ट्विस्टमध्ये सात इंच पुढे जाताना त्यानं एक अख्खा फेरा घ्यायला हवा. त्यासाठी रॉडच्या मुठीतलं बेअरिंग मोकळं फिरलं पाहिजे. ते चिकटलं असेल, तर ब्रश आटे सोडून कंगोऱ्यांवरून आडवा घसरतो आणि खाचांच्या कोपऱ्यातली काजळी, म्हणजे नेमकी जी काढायची तीच, तिथेच राहते. १२ च्या ट्विस्टला असं जड बेअरिंग कसंबसं चालून जातं. ७ ला जात नाही.

तपासायचं कसं? रॉडवर मुठीजवळ चिकटपट्टीचा तुकडा झेंड्यासारखा लावा, घट्ट चिंधी घालून हळू ढकला. झेंड्यानं एक फेरा पूर्ण केला, की रॉड किती आत गेला ते मोजा. सात इंच आले तर रॉड नीट फिरतो आहे, आणि नळीचा ट्विस्ट खरंच लिहिलाय तेवढा आहे हेही कळतं. दहा इंच आले, तर चिंधी घसरते आहे किंवा बेअरिंग अडतं आहे.

दुसरी खूण: मझलबाहेर आलेला ब्रश सैल झालेला असतो. आटे उजव्या पिळाचे असतील, तर पुढे जाताना ते ब्रशला ज्या दिशेनं फिरवतात, ती त्याचा स्क्रू उघडण्याची दिशा असते. बेअरिंग मोकळं असेल, तर रॉडही सोबत फिरतो आणि स्क्रूवर जोर येत नाही. प्रत्येक फेरीला ब्रश सैल होत असेल, तर आधी मूठ उघडा, साफ करा, तेलाचा एक थेंब द्या. मग नळीकडे वळा.

.२२ मापाचे रॉड बारीक असतात आणि थोड्या जोरानं धनुष्यासारखे वाकतात. वाकलेला रॉड कंगोऱ्यांवर घासतो. म्हणून चिंधी जरा लहान कापा. ढकलताना एका हाताच्या बोटांचा जोर पुरला पाहिजे. रॉड अखंड हवा, जोडाजोडीचा नको. बोअर गाइड शिवाय रॉड नळीत घालू नका. तो रॉडला मध्यावर ठेवतो आणि द्रावण ट्रिगरमध्ये उतरू देत नाही. शक्यतो चेंबरकडून साफ करा, ब्रशची दिशा नळीच्या मध्येच बदलू नका, आणि मळकी चिंधी मझलबाहेर पडू द्या, परत ओढू नका. रायफल ठेवताना मझल किंचित खाली. गॅसवर चालणारी असेल, तर नळीवरचं गॅसचं भोक वरच्या बाजूला राहील अशी ठेवा, म्हणजे द्रावण त्यात साचणार नाही.

मळासारखं दिसणारं, पण मळ नसलेलं

कागदावर गोळीचं भोकच नाही, किंवा भोकाभोवती करड्या रंगाचे शिंतोडे दिसतात, तर गोळी हवेत फुटते आहे. पातळ जॅकेटची हलकी गोळी ७ च्या ट्विस्टमधून खूप वेगानं सोडली, की हे होतं: ३००० फूट वेगाला मिनिटाला तीन लाखांवर फेरे होतात आणि जॅकेट तो ताण सोसत नाही. खडबडीत थ्रोटनं जॅकेट आधीच चिरलं असेल तर आणखी लवकर. नळी साफ केल्यावर हे काही काळ थांबतं, म्हणून मळावर संशय जातो. जाड जॅकेटची किंवा जड गोळी घ्या, किंवा वेग कमी करा.

सफाईनंतरची पहिलीच गोळी भलतीकडे जाते, ही तक्रार नाही. नळीत तेलाचा पातळ थर असेल तर ती तशी जाणारच. साठवणीसाठी तेल लावा, पण झाडण्याआधी दोन कोरड्या चिंध्या फिरवा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो याची खात्री करा. विसरलेली चिंधी नळी फोडू शकते. त्यानंतरही काही नळ्यांना स्थिरावायला दोन गोळ्या लागतात, काहींना दहा. वहीत आकडा लिहा आणि स्पर्धेआधी तेवढ्या झाडून या.

नवी नळी पहिल्या शंभर गोळ्यांत भराभर तांबं धरत असेल, तर घाबरू नका. थ्रोट कापणाऱ्या रीमरच्या आडव्या खुणा अजून ताज्या असतात आणि गोळ्याच त्या गुळगुळीत करतात. ठरावीक विधीनं एक गोळी-एक सफाई करण्याचा मोठा फायदा मला तरी दिसलेला नाही. सुरुवातीला जरा लवकर लवकर साफ करा, पुरे.

आता माझ्या रायफलीत ग्रुप साधारण दोनशे गोळ्या टिकतो. मी दीडशेला काजळी काढतो आणि तांब्याला तिसऱ्या-चौथ्या सफाईतच हात लावतो, तोही वहीनं सांगितलं तर. तुमचा आकडा वेगळा येईल. तो सापडला, की त्याच्या पाऊण भागाला साफ करा. ग्रुप सुटायची वाट पाहिली तर काजळी तोवर भाजून झालेली असते.

आणि अर्ध्या सफाया, पेस्ट, नवा ब्रश, मोकळं बेअरिंग हे सगळं होऊनही आकडा घसरतच राहिला, तर गोळी पहिल्यांदा आट्यांना कुठे टेकते ते मोजा आणि नळी नवी असतानाच्या मापाशी ताडून बघा. टेकण्याची जागा बरीच पुढे सरकली असेल आणि थ्रोटमध्ये वाळलेल्या चिखलासारख्या भेगांचं जाळं दाट झालं असेल, तर काजळी धरणारा खडबडीतपणा आता पोलादातच आहे. अशी नळी घासून सुधारत नाही. वही, मापं आणि रायफल घेऊन नळी बसवणाऱ्या कारागिराकडे जा; थ्रोट पुन्हा कापायला पुरेशी लांबी उरली आहे की नळीच बदलायची, हे तो मापं पाहून सांगेल.